दिवस जवळ आले, की दिवस गेले?

आषाढ सरता सरता ब्रह्मपुरीच्या आजूबाजूला रोवणी ऐन भरात असते. बांधीत घोटाभर चिखल, अंगावर प्लास्टिकची खोळ, हातात पऱ्ह्यांची पेंडी, आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कंबरेत वाकून मागे मागे सरकणाऱ्या बायांची रांग. त्या रांगेतली एखादी मध्येच धुऱ्यावर येऊन बसते. कंबर धरलेली, ओटीपोटात ओढल्यासारखं, छाती जड, डोकं भणभणतंय, सकाळची आंबील पोटात ठरत नाही. शेजारची विचारते, "दिवस जवळ आले का वं?" तिच्या पलीकडची म्हणते, "नाही तर दिवस गेले असतील."

दोघींच्याही तोंडी एकच शब्द आहे, दिवस. पाळी यायची असली की दिवस जवळ येतात आणि गर्भ राहिला की दिवस जातात. पुढे बाळंतपण आलं की दिवस भरतात. आपल्या भाषेनं या साऱ्या प्रकाराची ओळख उलटीवरून, चेहऱ्यावरच्या तेजावरून किंवा चालीवरून बांधलेली नाही, ती दिवसांच्या हिशेबावर बांधली आहे. सिनेमात मात्र नायिका तोंडाला पदर लावून मोरीकडे धावते आणि घरात पेढे वाटले जातात. या दोन ओळखींपैकी खरी कोणती, हे शंभर वर्षांच्या संशोधनानं सांगितलं आहे, आणि निकाल मराठी बोलीच्या बाजूनं लागला आहे.

धुऱ्यावर बसलेल्या त्या बाईच्या शरीरात काय चाललंय ते आधी पाहू.

पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरायचा. पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत बीजकोशात एक बीज पिकतं आणि सुटतं. ज्या फोडातून ते सुटलं तो फोड तसाच विरून जात नाही, तो पिवळसर होऊन कामाला लागतो. त्याला पीतपिंड म्हणतात. हा एवढासा पिंड प्रोजेस्टेरॉन नावाचा संप्रेरक रक्तात सोडू लागतो. गर्भ आलाच तर त्याच्यासाठी गर्भाशयाचं अस्तर मऊ, जाड करून ठेवणं हे प्रोजेस्टेरॉनचं मुख्य काम. पण ते रक्तातून सगळीकडे फिरतं, म्हणून त्याची खूण सगळीकडे उमटते. आतडी सुस्तावतात, पोट फुगतं, शौचाला घट्ट होतं. स्तनांतल्या दूधग्रंथी फुलतात, साधा ब्लाऊजही आवळतो, हात लागला तरी दुखतं. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आतबाहेर वाढतं. झोप अनावर होते. काहींना रडू येतं, काहींना राग आवरत नाही.

बीज सुटल्यापासून साधारण बारा ते चौदा दिवस हा पिंड काम करतो. गर्भ आला नाही तर तो सुकतो, प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं, अस्तराचा आधार जातो आणि पाळी येते. गर्भ आला तर? तर तो पिंड सुकत नाही. तेच प्रोजेस्टेरॉन तसंच पुढे चालू राहतं. म्हणजे पाळीआधीच्या आठवड्यातली छातीची ठणक आणि गर्भाच्या पहिल्या आठवड्यातली छातीची ठणक ही एकाच पिंडानं, एकाच संप्रेरकानं आणलेली असते. दुखणं सारखं वाटतं कारण ते सारखंच आहे. त्या दिवसांत ही लक्षणं कोणत्या वाटेवरची हे ओळखायला बसलेली बाई, तिची सासू, तिची मैत्रीण आणि अनुभवी डॉक्टर, चौघीही सारख्याच अंधारात असतात.

फळलेलं बीज गर्भाशयात लगेच रुजत नाही, ही गोष्ट फार कमी जणींना सांगितलेली असते. ते नलिकेतून हळूहळू खाली येतं आणि मग अस्तराला चिकटतं. अमेरिकेतल्या ॲलन विलकॉक्स यांच्या संशोधन गटानं रोजच्या लघवीचे नमुने तपासून 1999 मध्ये दाखवलं की हे चिकटणं बीज सुटल्यानंतर सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान होतं, आणि बहुतेक वेळा आठव्या ते दहाव्या दिवशी. तोपर्यंत गर्भाचा आईच्या रक्ताशी संबंधच आलेला नसतो. त्यामुळे "संबंध आला आणि तिसऱ्या दिवसापासून मला कळलंच" असं जेव्हा कोणी सांगते, तेव्हा तिचं दुखणं खरं असतं, पण ते पीतपिंडाचं असतं. गर्भ अजून वाटेवर असतो.

रुजल्यावर गर्भ पहिलं काम करतो ते निरोप पाठवण्याचं. त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचा संप्रेरक सोडतात. तो पीतपिंडाला सांगतो की सुकू नकोस, माझं काम सुरू झालंय. सुरुवातीच्या आठवड्यांत या एचसीजीचं प्रमाण दोन-तीन दिवसांत दुप्पट, मग त्याचं दुप्पट असं वाढत जातं आणि रक्तातून लघवीत उतरतं. दोन्ही वाटा इथे फुटतात. पाळीच्या वाटेवर एचसीजी नसतं, गर्भाच्या वाटेवर असतं. म्हणून माणसानं ही ओळख पटवायचे जे उपाय शोधले त्यातले कामाचे बहुतेक लघवीभोवतीच फिरले. इसवीसनापूर्वी सुमारे 1350 च्या इजिप्तमधल्या पपायरसावर लिहून ठेवलंय की बाईनं गहू आणि जवावर रोज लघवी करावी, दाणे उगवले तर ती गर्भार. 1963 मध्ये शास्त्रज्ञांनी हे खरोखर करून पाहिलं, आणि गर्भार बायकांच्या लघवीनं सुमारे सत्तर टक्के वेळा दाणे उगवले. धान पेरणाऱ्या आपल्या मुलखाला ही गोष्ट आवडावी. त्याआधीच, 1927-28 मध्ये, बर्लिनमध्ये झोंडेक आणि आशहाइम यांनी बाईची लघवी उंदरांना टोचून परीक्षा केली, मग बेडकांची पाळी आली. 1967 मध्ये मार्गारेट क्रेन या न्यूयॉर्कजवळच्या एका औषध कंपनीत रेखाटनाचं काम करणाऱ्या तरुणीला वाटलं की ही परीक्षा बाईला घरी का करता येऊ नये. तिनं कागदाच्या पिना ठेवायच्या डबीसारख्या डबीत पहिली घरगुती तपासणी मांडली. ती अमेरिकेतल्या दुकानांत यायला आणखी दहा वर्षं लागली, कारण बाईला हे स्वतःचं स्वतःला कळावं की नाही यावर पुरुषांचा वाद चालला होता.

आज तीच तपासणी आपल्या गावातल्या आशाताईच्या पिशवीत फुकट आहे. सरकारनं तिचं नाव ठेवलंय निश्चय. फार चांगलं नाव आहे. चांदीसारखं पाकीट फाडलं की आत बोटाएवढी पांढरी पट्टी, एक छोटी प्लास्टिकची नळी आणि ओल धरणारी पुडी निघते. पुडी फेकून द्यायची. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्यायची, नळीनं दोन-तीन थेंब पट्टीच्या गोल खळग्यात टाकायचे आणि पाटावर, सपाट जागी ठेवून द्यायची. ओल कागदातून पुढे सरकते. तिच्याबरोबर सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेली प्रतिपिंडं वाहत जातात. लघवीत एचसीजी असेल तर ती त्याला धरतात आणि "टी" अक्षराजवळ अडकून गुलाबी रेघ काढतात. "सी" जवळची रेघ प्रत्येक वेळी यायलाच हवी, ती पट्टी चांगली असल्याची खूण. "सी" ची रेघ नाही आली तर पट्टी खराब, निकाल धरायचा नाही. दोन्ही आल्या तर गर्भ आहे. "टी" ची रेघ फिकी आली तर बाया ती उजेडात धरून बघत बसतात आणि "अर्धी आली" म्हणतात. अर्धं असं काही नसतं. वेळेत दिसलेली फिकी रेघही होच सांगते, एचसीजी अजून कमी आहे इतकंच. निकाल पाच मिनिटांत वाचायचा. अर्ध्या तासानं, स्वयंपाक उरकून येऊन वाळलेल्या पट्टीवर दिसणाऱ्या पुसट सावलीवर विश्वास ठेवू नये.

तपासणी कधी करायची यातच बहुतेकींची गडबड होते. पाळी यायची त्या दिवसाच्या आधी पट्टी "नाही" म्हणाली, तर त्या "नाही"ला फारसा अर्थ नसतो. विलकॉक्स यांच्याच गटानं 2001 मध्ये मांडलं की पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवशीसुद्धा दहांपैकी सुमारे एका गर्भाचं रुजणं व्हायचं असतं, त्यामुळे कितीही चांगली पट्टी असली तरी ती त्या दिवशी त्याला पकडू शकत नाही. आठवडाभर थांबलं तर जवळजवळ सगळे गर्भ कळतात. म्हणून पाळी चुकली की एकदा बघा, "नाही" आलं आणि तरी पाळी आली नाही तर आठ दिवसांनी पुन्हा बघा. पाळीचा नेमच नसेल तर शेवटच्या संबंधानंतर तीन आठवडे मोजा आणि मग बघा.

पाळीच्या तारखेआधीच पट्ट्यांवर पट्ट्या वापरणं मला स्वतःला योग्य वाटत नाही. बाजारात आता "पाच दिवस आधी सांगणाऱ्या" पट्ट्या मिळतात आणि मूल हवं असलेल्या घरांत त्यांचा फार सोस असतो. पण रुजलेल्या गर्भांपैकी बरेच, 1988 च्या एका अभ्यासात शंभरातले बावीस, बाईला कळायच्या आतच आपोआप सुटून जातात आणि पाळी दोन-चार दिवस उशिरा येऊन मोकळी होते. तो निसर्गाचा निवाडा असतो, त्यात बाईच्या काम करण्याचा, पपई खाण्याचा, कोणाच्या नजरेचा काही दोष नसतो. आधी बघितलं तर त्यातल्या बऱ्याच वेळा ती रेघ दिसते, घरात आनंद होतो, आणि चौथ्या दिवशी रक्त दिसल्यावर सून स्वतःला अपराधी समजत बसते. चार दिवस धीर धरल्यानं हे दुःख टळतं.

मग लक्षणांना काहीच किंमत नाही का? आहे, पण पाळी चुकल्यानंतर. मळमळ हे त्यातलं सगळ्यांत ठळक. पाळीआधी कुणाकुणाला थोडं मळमळतं, पण गर्भाची खरी मळमळ बहुधा शेवटच्या पाळीपासून पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, म्हणजे पाळी चुकून आठ-पंधरा दिवस झाल्यावर. तीत वासाचा वाटा मोठा असतो. कालपर्यंत आवडणारी लसणाची फोडणी, वाळलेल्या झिंग्यांचं कालवण, शिजणाऱ्या भाताची वाफ, यातलं काहीतरी एकदम नकोसं होतं. पाळीआधी याच्या उलट खावंसं वाटतं, गोड, खारट, चिवडा, काहीही. लघवीला वारंवार जावं लागणं, स्तनाग्राभोवतीचा रंग गडद होणं, छातीवर निळसर शिरा दिसणं या खुणा गर्भाकडे झुकतात. चिडचिड, रडू, डोकेदुखी ठरलेल्या दिवसांत येऊन पाळी सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत ओसरत असेल तर ती पाळीआधीच्या त्रासाकडे झुकते. पण झुकते एवढंच. ज्या खुणेवरून औषध घ्यायचं किंवा टाळायचं ठरवावं अशी यातली एकही नाही.

पाळीआधीच्या त्रासाला वैद्यकात नाव मिळालं ते अगदी अलीकडे. अमेरिकेतल्या रॉबर्ट फ्रँक यांनी 1931 मध्ये त्यावर लिहिलं आणि 1953 मध्ये इंग्लंडमध्ये रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांनी त्याला आज रूढ असलेलं नाव दिलं. त्याचं निदान करायला रक्ताची तपासणी नाही. निदान होतं ते कमीत कमी दोन पाळ्यांची रोजची नोंद ठेवून: कोणत्या तारखेला काय झालं, केव्हा थांबलं. नोंदीत ते ठरावीक दिवसांत पुन्हापुन्हा दिसलं आणि पाळीनंतर नाहीसं झालं तर तो पाळीआधीचा त्रास. बायकाबायकांत तो सारखा नसतो, पण एकाच बाईचा दर महिन्याचा साचा बराचसा एक असतो. ज्या बाईला आपला साचा ठाऊक आहे तिला साचा मोडला की लगेच जाणवतं. काही जणींचा त्रास इतका तीव्र असतो की दर महिन्याला जगणं नकोसं वाटतं. त्याला "नाटकं" म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकावं की तो मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत 2013 पासून स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार आहेत.

रक्ताच्या डागाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. गर्भ रुजताना थोडा डाग लागतो आणि तीच गर्भाची पहिली खूण, असं मुली मोबाईलवर वाचतात. 2003 च्या एका अभ्यासात 151 गर्भार बायकांपैकी फक्त चौदा जणींना पहिल्या आठ आठवड्यांत काही रक्त दिसलं, आणि तेही रुजण्याच्या दिवशी क्वचितच. तेव्हा डाग दिसला म्हणजे गर्भ, असं नाही. आणि उलटही खरं आहे: पाळीच्या सुमाराला दीड दिवस थोडंसंच रक्त गेलं म्हणजे पाळी झाली, असंही धरू नये. नेहमीपेक्षा फारच कमी गेलं असेल तर पट्टी बघावी. पाळी चुकल्यावर एका बाजूला पोटात सणक, चक्कर, खांद्यात दुखणं, असं झालं तर मात्र पट्टीसाठीही थांबू नये, दवाखाना गाठावा. गर्भ नलिकेतच अडकलेला असू शकतो. नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या बाईलाही क्वचित गर्भ राहतो, आणि राहिला तर असा अडकण्याचा धोका तिला जास्त असतो. "माझं तर ऑपरेशन झालंय" म्हणून दुखणं अंगावर काढू नये.

आणि या दोन वाटांखेरीज तिसरी वाटही असते, आजाराची. आपल्या भागानं ती जगाला दाखवली. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत घरोघरच्या 650 बायका तपासल्या आणि जानेवारी 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. निम्म्याहून जरा जास्त, 55 टक्के बायकांची अंगावरच्या दुखण्याची तक्रार होती. तपासल्यावर मात्र 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, सरासरी प्रत्येकीला 3.6. त्याआधी आयुष्यात कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या बाया आठ टक्केही नव्हत्या. पुढे त्या बायकांचं मन आणि त्यांची भाषा डॉ. बंग यांनी "कानोसा" या पुस्तकात मांडली. ओटीपोटात ओढ, कंबरदुखी, पांढरं जाणं, थकवा, या सगळ्याला "पाळीचंच असेल" म्हणून पुसून टाकणाऱ्या प्रत्येकानं तो 92 चा आकडा आठवावा. थकव्याचंही तसंच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. अशा देशात थकवा ही गर्भाची खूण कशी धरायची? त्यात आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. उन्हाळ्यात ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा तेंदूपत्त्याला गेलेल्या बाईची मळमळ उन्हाची, पोटातल्या गर्भाची की तापाची, हे नुसतं बघून कोण सांगणार?

तापावरून आठवलं, कारण या जंगलपट्टीत हे फार महत्त्वाचं आहे. हिवतापाच्या एका प्रकारात जंतू यकृतात दडून बसतात आणि ताप उलटू नये म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या जातात. या गोळ्या गर्भार बाईला द्यायच्या नसतात. म्हणून गोळी हातावर ठेवण्याआधी "पाळी कधी आली होती?" हा प्रश्न विचारला जातो, जायलाच हवा. बाई लाजून, समोर सासरा बसलाय म्हणून, "आली होती" एवढं म्हणून वेळ मारून नेते. त्या दोन शब्दांवर गोळीचा निर्णय होतो. तिला बाजूला घेऊन विचारणं आणि शंका असेल तर आधी पट्टी बघणं, यात पाच मिनिटं जातात.

आता पुन्हा दिवसांच्या हिशेबाकडे. डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, गर्भ राहिला त्या दिवसापासून नाही, कारण तो दिवस कुणालाच ठाऊक नसतो. समजा शेवटची पाळी 1 जुलैला आली. अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबानं पुढची 29 जुलैला यायची, ती चुकली. त्या दिवशी गर्भ कागदोपत्री चार आठवड्यांचा आहे, खरं तर फळून दोनच आठवडे झालेत. 12 ऑगस्टला कागदावर सहा आठवडे होतात. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी फळल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे याच 12 ऑगस्टच्या सुमाराला. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी हवी असते. आणि मळमळ सुरू होते ती 5 ते 12 ऑगस्टच्या दरम्यान. उलटीची वाट बघत बसलेल्या बाईची गोळी सुरू होईपर्यंत नळी मिटूनही गेलेली असते. मूल हवं असेल तर ही गोळी आधीपासूनच सुरू करावी असं म्हणतात ते यासाठी.

मूल नको असेल तिच्यासाठीही हाच हिशेब कायद्यात बसतो. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात 2021 मध्ये बदल झाले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि ठरावीक परिस्थितीतल्या बायकांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. अविवाहित मुलींनाही हा हक्क विवाहितांसारखाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ब्रह्मपुरी हे शिक्षणाचं गाव. आरमोरी, वडसा, नागभीड, कुरखेड्याकडच्या मुली इथे खोल्या करून राहतात. त्यातली एखादी पाळी आठ दिवस लांबली की घाबरून औषधाच्या दुकानातून मिळेल ती गोळी घेते. परीक्षेचा ताण, जागरण, ताप, उपास, वजन उतरणं यानं बीज सुटायलाच उशीर होतो आणि पाळी लांबते, गर्भाचा संबंध नसताना. अठ्ठावीस दिवसांचा नेमही पुस्तकी आहे. 2019 मध्ये सहा लाखांहून अधिक पाळ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात बरोबर अठ्ठावीस दिवसांच्या पाळ्या शंभरात तेराच निघाल्या. तेव्हा आधी पट्टी. गर्भ असलाच तर गोळी डॉक्टरनं तपासून दिलेलीच घ्यावी, कारण गर्भ नलिकेत अडकलेला असेल तर दुकानातली गोळी तिथे काही करत नाही आणि बाईचा जीव धोक्यात जातो.

हिशेब ठेवायचा म्हणजे तारीख ठाऊक हवी, आणि नेमकी तीच हरवते. पूर्वी घरातली बाई चार दिवस बाहेर बसायची, तेव्हा तिची तारीख सासूला, जावेला, शेजारणीला ठाऊक असायची. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या माडिया-गोंड वस्त्यांत पाळीतल्या बाया गावाबाहेरच्या कुर्माघरात जातात. तिथं कोण कधी आली आणि कोण या खेपेला आलीच नाही, हे अख्ख्या गावाला कळतं. ती प्रथा बाईला सापविंचवात, पावसात, अंधारात टाकते. ती जायला हवी, हे मी मनापासून म्हणते. पण एक खरं आहे की बाहेर बसणं गेलं त्या घरांत तारीख लक्षात ठेवणारी चार माणसंही गेली, आणि ते काम एकट्या बाईवर आलं. तिला ते कुणी शिकवलेलं नसतं.

आणि साधन तर भिंतीवर असतं. कालनिर्णय 1973 पासून मराठी घरांत लटकतंय. त्याच्या चौकटीत दुधाचा रतीब, गॅसची टाकी, मजुरीचे रोज, सगळं लिहिलं जातं. पाळीची तारीख लिहायला मात्र हात कचरतो, सासरा, दीर बघेल म्हणून. मी मुलींना सांगते, लिहू नका, टिंब द्या. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पेनचं एक टिंब. ज्या दिवशी छाती दुखली, त्या दिवशी एक आडवी रेघ. तीन महिन्यांत साचा दिसू लागतो.

तारीख सांगता येत नाही अशी बाई आली की आशाताईला ती खणून काढावी लागते, आणि आपल्याकडच्या आशाताई त्यात तरबेज आहेत. त्या तारीख विचारत नाहीत, काम विचारतात. "पऱ्हे टाकले तेव्हा आली होती का?" "नाही, त्याच्या आधी." "मृगाचा पाऊस?" बाई आठवते. लाडजकडच्या बायांना 2020 च्या ऑगस्टअखेरीस गोसेखुर्द धरणाचं पाणी गावात शिरलं त्याच्या आधी की नंतर, असंही त्या वर्षी विचारावं लागलं असेल. मोह वेचणी, तेंदूपत्ता, रोवणी, कापणी, मंडई, असं बायकांचं कॅलेंडर कामावर चालतं. आठवायची गाठ सापडली की तारीख सुटते.

"पहिला मोठा पाऊस आला तो रविवार. दुसऱ्या दिवशी मी डोक्यावरून न्हाले."

"म्हणजे कधी आली?"

"त्याच रविवारी. पाऊस थांबला आणि आली."

आशाताई कालनिर्णयाचं पान उलटते, रविवार मोजते, बोट एका चौकटीवर ठेवते. आज 4 ऑगस्ट. मधले दिवस बोटांच्या पेरांवर मोजून एकोणपन्नास भरतात, सात आठवडे. पाटावरच्या पट्टीवर दोन्ही रेघा आल्या आहेत. ती रजिस्टर उघडते आणि शेवटच्या पाळीच्या रकान्यात लिहिते: 16 जून. त्याच्या पुढच्या रकान्यात बाळंतपणाची अंदाजे तारीख, 23 मार्च. मग पिशवीतून फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातावर ठेवते आणि विचारते, "सिकलसेलची तपासणी झाली का तुझी? आणि त्याची?"